रुपयातल्या तीन गुंजा

ताथवड्याच्या एका म्हातारीचा राणीछाप रुपया पाच गुंजा हलका भरला आणि तो का हलका भरला याचा शोध मी लावला, असं आमच्या कंपनीत बरीच वर्षं सांगितलं जायचं. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमातही एकानं ते भाषणात घातलं. टाळ्या पडल्या, मी हात जोडले. त्या पाचांपैकी दोन गुंजांचा शोध मी खरंच लावला. उरलेल्या तीन गुंजांचा शोध लावायची गरजच नव्हती. त्या कुठं गेल्या ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आता हात कापतो, पण अक्षर अजून लागतं. तेवढ्यात लिहून टाकतो.

साल एकाहत्तर किंवा बहात्तर असेल. मी पिंपरीच्या एका इंजिनिअरिंग कंपनीत गेज रूमला होतो. शॉपवरचे मायक्रोमीटर, व्हर्नियर, गेज आमच्याकडे तपासायला यायचे. खरं-खोटं ठरवून मी दाखला लिहायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच काम. अख्ख्या कंपनीत एसी दोनच ठिकाणी होता, मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये आणि आमच्या खोलीत. धूळ चालत नसल्यामुळे चपला-बूट दाराबाहेर काढावे लागत. म्हणून कामगारांनी खोलीचं नाव ठेवलं होतं देवघर, आणि माझं पुजारी. उन्हाळ्यात दर्शनाला गर्दी असे. काहीही काम नसताना लोक एखादी फूटपट्टी घेऊन यायचे आणि म्हणायचे, "पुजारीबुवा, ही जरा वाकडी वाटते. सावकाश बघा, घाई नाही."

वय सत्तावीस. जगात वस्तू दोनच प्रकारच्या असतात, तपासलेल्या आणि न तपासलेल्या, असं माझं ठाम मत होतं. माणसांबद्दलही थोडंफार तसंच.

एके दिवशी आमच्या शॉपमधला एक टर्नर बूट काढून आत आला. ताथवड्याच्या जुन्या शेतकरी घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, लेथवर उभा राहिला की केसाएवढा फरक बोटानं सांगणारा माणूस. त्यानं रुमालाची गाठ सोडली आणि एक काळा पडलेला रुपया माझ्या टेबलावर ठेवला.

"साहेब, हे आमच्या म्हातारीचं वजन."

"म्हणजे?"

"म्हंजी तिचा रुपया. चांदीचा रुपया एक तोळ्याचा असतोय, ठाव हाय न्हवं? सोनाराकडं जाताना ती ह्यो घेऊन जाती. आधी ह्यो पारड्यात टाकायचा, त्याचं तोळ्याचं वजन दुसऱ्या पारड्यात. काटा मदी उभा ऱ्हायला की मगच दागिन्याचं बोलायचं. आख्खं गाव तिचा रुपया मागून नेतंय सोनाराला तपासाया."

"मग?"

"मग काय. ह्या बारीला सोनारानंच रुपया तपासला."

घडलं होतं ते असं. टर्नरला पहिला मुलगा झाला होता. नातवाच्या पायात वाळे घालायचे म्हणून म्हातारी चिंचवडला तिच्या नेहमीच्या सोनाराकडे गेली. सोनारानं त्या वर्षी काचेच्या पेटीतला नवा काटा घेतला होता. जुन्या काट्याला दिसत नव्हतं ते नव्याला दिसलं. सोनार म्हणाला, "मावशी, रुपया दोन गुंजा कमी भरतो." तोळ्याच्या शहाण्णव गुंजा, त्यातल्या दोन कमी. म्हातारी म्हणाली, "रुपया न्हाई कमी, तुझी वजनं जड." सोनार म्हणाला, "रागावू नका, पण वजनं सरकारी शिक्क्याची आहेत." त्यावर म्हातारी उठली. वाळ्यांचं राहू दे म्हणाली, आणि घरी येऊन तिनं सांगितलं की रुपया खोटा म्हणजे मी खोटी, चाळीस वर्षं गावाला खोटं माप दिलं मी, आता निवाडा झाल्याशिवाय पोराच्या पायात काही पडणार नाही.

"आठ दिस झालं," टर्नर म्हणाला. "घरात कुनी तोंड उघडंना. म्हटलं, देवघरात कौल लावू. तुमी सांगा, रुपया खरा का सोनार."

इतकी वर्षं मी नट-बोल्ट तपासत होतो. कुणीतरी प्रथमच मला न्याय मागत होतं. मी म्हणालो, "उद्या या. दाखल्यासकट देतो."

बारीक वजनाचा काटा आमच्या शेजारच्या केमिकल लॅबमध्ये होता. तिथले केमिस्ट रजेवर होते आणि किल्ली माझ्याकडे होती. आमच्या खोलीचा पहिला नियम असा की कोणतीही वस्तू साफ केल्याशिवाय मोजायची नाही. रुपयावर तर साठ वर्षांचं काळं चढलेलं. चिंच किंवा रांगोळीनं तो स्वच्छ झाला असता, हे कुठल्याही बाईनं सांगितलं असतं. पण लॅबमध्ये चिंच नव्हती. पितळेचे भाग उजळायला ठेवलेलं नायट्रिक ॲसिड मात्र होतं, पाणी घालून सौम्य केलेलं. पितळ दोन मिनिटांत लखलखतं, मग चांदी का नाही, असा मी विचार केला. त्याला विचार म्हणणं जरा जास्त होईल. रुपया चिमट्यानं बीकरमध्ये सोडला आणि बाहेर चहाची गाडी आली.

त्या दिवशी चहाबरोबर कांदाभजी होती. कँटीनमध्ये भजी आठवड्यातून एकदा असायची, आणि उशिरा गेलं तर नुसता चुरा मिळायचा. भज्यांपाशी कॅरम मांडला होता. माझी राणी खिशात गेली होती, तिच्या कव्हरची सोंगटी राहिली होती. कव्हर काढता काढता अर्धा तास गेला.

परत आलो तेव्हा बीकरमध्ये बारीक बुडबुडे चालू होते आणि पाण्याला निळसर छटा आली होती. रुपया बाहेर काढला तर पांढराफटक. चकचकीत नाही, पिठात घोळल्यासारखा. चिमटा सापडेना म्हणून शेवटी दोन बोटांनी काढला आणि नळाखाली धरला. राणीचं नाक जरा बोथट वाटलं. मी मनाला सांगितलं, आधीच असेल.

काट्यावर ठेवला. पाच गुंजा कमी.

सोनार म्हणतो दोन, मी म्हणतो पाच. मधल्या तीन गुंजा कुठं गेल्या हे ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही. त्या त्या निळसर पाण्यात होत्या, आणि ते पाणी मी घाईघाईनं मोरीत ओतलं. ओतताना पुन्हा त्याच दोन बोटांवर उडालं.

दुसऱ्या दिवशी टर्नर आला. मी रुपया त्याच्या हातावर ठेवून म्हणालो, "हलका आहे. पाच गुंजा."

"पाच? सोनार तर दोन म्हनला."

इथं खरं बोलायची पहिली संधी होती. मी म्हणालो, "दुकानातला काटा तो. त्याला एवढं कुठं कळतंय."

झालं. म्हातारीचा रुपया खोटा ठरला तो ठरलाच, पण सोनारही अडाणी ठरला, आणि दोन्ही माझ्या तोंडून. बातमी शॉपभर गेली. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये अख्खी शिफ्ट त्या रुपयाच्या मागे लागली. एक म्हणाला, रुपया कांद्यासारखा सुकतो. दुसरा म्हणाला, पुजारीबुवांच्या एसीत थंडीनं आकसला असेल, उन्हात ठेवून मोजा. मराठवाड्याकडचा एक फिटर म्हणाला, "राणी म्हातारी झाली की राव. म्हातारपणी वजन उतरतंच की." मी सगळ्यांबरोबर हसलो. त्याच वेळी एकानं विचारलं, "साहेब, बोटांना काय झालं?"

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं टोकाला काळी पडली होती. साबणानं निघेनात, रॉकेलनं निघेनात. चांदी विरघळलेलं पाणी कातडीला लागलं की एक दिवसानं ती काळी होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी सांगितलं, पेन फुटलं.

चौथ्या दिवशी गेटवरून निरोप आला की एक गृहस्थ आलेत, काळी टोपी, हातात डबा, देवघरात जायचं म्हणतात. सोनार स्वतः आला होता. साठीचा माणूस, आवाज अगदी हळू. त्यानं बूट काढले, डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. आत मखमलीच्या खोबणीत त्याची वजनं होती.

"साहेब, माझ्या काट्याला कळत नाही असं तुम्ही म्हणालात, असं ऐकलं. बरोबर असेल. काटा सोडा, पण वजनं तेवढी तपासून द्या. खोटी असतील तर इथंच टाकून जातो."

टर्नरही आला होता, दाराशी उभा. त्यांना शेजारच्या लॅबमध्ये नेलं आणि मी एकेक वजन चिमट्यानं उचलून काट्यावर ठेवत गेलो. सगळी खरी. आमच्या पेटीतलं एक जुनं वजन त्याच्या वजनापुढं खोटं निघालं, ते मी गुपचूप बाजूला ठेवलं.

"बिनचूक आहेत," मी म्हणालो.

"मग मला एकदा तो रुपया दाखवा."

टर्नरनं दिला. सोनारानं तो हातात घेतला, बोटानं चोळला, नाकाशी नेला, खिडकीकडे धरला. मग माझ्याकडे बघितलं. खरं तर माझ्या बोटांकडे.

"रुपया आंघोळ करून आलाय वाटतं."

"साफ केला," मी म्हणालो. "नियम आहे."

"छान केला." त्यानं स्वतःचा हात टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या बोटांची टोकं माझ्यासारखीच काळी होती, फक्त जुनी. "आमच्या धंद्यात हा काळेपणा जात नाही. तुमचा जाईल आठ-पंधरा दिवसांत." डबा बंद करत तो म्हणाला, "माझी वजनं खरी ठरली, माझं काम झालं. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

टर्नरला यातलं काही कळलं नाही. तो मला म्हणाला, "सोनाराची वजनं खरी, तुमचा काटा खरा. मग त्याच्या दुकानातनं तुमच्या टेबलापातुर येताना तीन गुंजा गेल्या कुठं?"

"शोधायला हवं," मी म्हणालो. म्हणणारा मीच होतो.

त्या रविवारी सायकलवर ताथवड्याला गेलो. तेव्हा तिथं शेतंच होती. घर शोधावं लागलं नाही, रस्त्यातल्या पहिल्याच बाईनं विचारलं, "रुपयावालं सायब का?" म्हातारी ओसरीवर बसली होती. मांडीवर नातू, शेजारी पाटीत वेखंड, हळकुंड, बाळहिरडा, जायफळ, आणि पुढ्यात दगडाची सहाण. तिला मी मावशी म्हणालो. तिनं मला निरखलं.

"तूच व्हय पाच गुंजावाला? बारीक हायस की रं. मला वाटलं केवढा आसंल."

मी बसलो. सहाणेला मध्ये खड्डा पडला होता, आणि खड्ड्याच्या कडेला एक अरुंद पन्हाळ, दगडात ओढल्यासारखी. मी विचारलं, ही कशाची. ती म्हणाली, "रुपयाची." आणि सहज करून दाखवलं. दुधाचे थेंब टाकले, वेखंडाचे दोन वेढे, हळकुंडाचा एक, हिरड्याचे तीन, असं एकेक उगाळत शेवटी तिनं कमरेच्या पिशवीतून रुपया काढला, उभा धरला आणि कडेनं एकच वेढा दिला. "चांदी येकच येढा. जास्ती न्हाई." ते चाटण बोटावर घेऊन नातवाच्या जिभेला लावलं. त्यानं तोंड वाकडं केलं आणि चाटलं.

मी रुपया घेऊन कड बघितली. एका बाजूचे दाते झिजून सपाट झाले होते. राणीच्या तोंडाकडे बघण्याच्या नादात कड मी पाहिलीच नव्हती.

"मावशी, तुम्ही किती पोरांना गुटी दिली?"

"ह्या गावची समदीच की. माज्या आदी माज्या सासूनं. ह्योच रुपया, हीच सहान." मग ती मुलांची गणती करू लागली. आळीआळीनं, घराघरानं. हा पैलवान झाला, तो मास्तर झाला, हे येडं निघालं पण त्यात रुपयाचा दोष नाही. टर्नर ओसरीच्या खांबाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "म्हंजी आये, रुपया गावानं खाल्ला?"

त्या क्षणी मी खरोखर आनंदात होतो. साठ वर्षं, शेकडो पोरं, एकेक वेढा. दोन गुंजा ताथवड्याच्या पोटात होत्या. रुपया खोटा नव्हता, म्हातारी खोटी नव्हती, सोनारही खोटा नव्हता. मी ते मोठ्यानं सांगितलं. म्हातारीचा चेहरा उजळला. तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

मग टर्नर म्हणाला, "दोन झाल्या. आनि तीन?"

म्हातारी नातवाकडे बघत होती. हळूच म्हणाली, "सोनाराकडनं आल्यापास्नं ह्यो लई किरकिरा झाल्ता. रुपया तू नेईपातुर ते आठ दिस मी दोन-चार येढं जास्तीचं दिलं, रागाच्या भरात. माज्याच हातनं गेल्या आसतील का रं सायबा?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

एवढंच केलं. तोंडानं शब्द काढला नाही. पण ती मान आजही माझ्याच खांद्यावर आहे.

निघताना म्हातारीकडून सहाणेवर रुपयाचे शंभर वेढे काढून घेतले, रुपया बरोबर नेला आणि सोमवारी वजन केलं. घट झाली एक मिलिग्रॅम, तीही डोळे ताणून बघितली तर. म्हणजे तीन गुंजा घालवायला छत्तीस हजारांवर वेढे लागले असते. आठ दिवसांत तेवढे म्हणजे रोज साडेचार हजार, आणि म्हातारीनं जास्तीचे दिले होते दोन-चार. हा हिशेब मी कागदावर केला, कागद फाडला आणि दुसऱ्या कागदावर दाखला लिहिला: रुपया अस्सल. घट पाच गुंजा. कारण, उगाळणे. सही केली आणि शिक्का मारला. मान हलवण्याला तोंडदेखली तरी सबब आहे, माणूस गडबडतो. दाखला मी खुर्चीवर बसून, एसीत, सावकाश लिहिला.

दाखल्याचं कौतुक झालं. म्हातारी सोनाराकडे गेली, दोघांनी एकमेकांची माफी मागितली, नातवाच्या पायात वाळे आले. टर्नरनं कंपनीत पेढे वाटले. सोनारानं त्याच्या हाती मला एक पुडी पाठवली. उघडली तर आत तीन खऱ्या गुंजा, काळ्या ठिपक्याच्या लालचुटूक बिया. चिठ्ठी नव्हती. टर्नर म्हणाला, "आठवन म्हनून दिल्या आसतील." मी म्हणालो, "हो."

महिनाभरानं मी सहज विचारलं, "मावशी काय म्हणतात?"

"बरी हाय. गुटी द्यायची सोडली तिनं."

"का?"

"पोराला मदी जुलाब झालं. तिच्या मनानं घेतलं, तीन गुंजा चांदी पोटात गेली म्हनून. आता कुनाचंबी पोर आलं तर म्हनती माजा हात जड झालाय. दुसरीकडं जा." तो हसला. "म्हातारी मानसं. पन साहेब, आता घरात बसून करमत न्हाई तिला."

जुलाब दोन दिवसांत थांबले होते. पोर पुढं चांगलं दणकट झालं. पण पहाटे तिच्या ओसरीवर बाळंतिणींची जी रांग लागायची ती थांबली. गावात जे पोर जन्मेल त्याच्या जिभेवर पहिलं बोट तिचं, हा तिचा मान होता, आणि तो मी कॅरमच्या एका कव्हरासाठी घालवला.

मध्ये आठ-नऊ वर्षं गेली. मला मुलगी झाली. बायकोनं टर्नरकडून म्हातारीचं नाव ऐकलं होतं, ती म्हणाली, गुटी त्यांच्याच हातची. मी टाळलं. ती ऐकेना. आम्ही ताथवड्याला गेलो. म्हातारी आता वाकली होती, पण मला ओळखलं. "पाच गुंजावाला आला," म्हणाली.

मुलीला मांडीवर घेतलं, गाल कुरवाळले. सहाण आणायला लावली, पाटी आणायला लावली. पण उगाळायला माझ्या बायकोला बसवलं. "येखंडाचं दोन. आसं न्हाई, हलक्या हातानं. हिरड्याचं तीन." स्वतःचे दोन्ही हात तिनं मांडीखाली घातले होते, जसे लहान मूल शिक्षा झाल्यावर घालतं. रुपयाचं नाव काढलं नाही.

मी म्हणालो, "मावशी, एक सांगायचंय. तुमच्या हातून काही झालं नव्हतं. रुपया मी तेजाबात टाकला होता. साफ करायला. त्यात तीन गुंजा गेल्या. तुम्हाला मी खोटं सांगितलं."

बायको उगाळायची थांबली. म्हातारी सुनेला म्हणाली, "पेटीतनं त्यो कागद आन गं."

कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"ही सई कुनाची?"

"माझीच."

"शिक्का कंपनीचा?"

"हो, पण मावशी, तो कागद खोटा..."

"कागद खोटा, आन तू खरा व्हय?" ती हसली. दात दोनच राहिले होते. "लेकीचा बाप झालास, मन मऊ झालंय तुजं. म्हातारीचं वझं उतरावं म्हून आलास. देव भलं करो. पन कंपनीत साऱ्या वस्तू तपासून लिवतोस तू, मला काय ठाव न्हाई?"

मी पुन्हा सांगितलं. बोटं काळी झाल्याचं सांगितलं, सोनाराचं नाव घेतलं, पण तो तोवर गेला होता. जितकं सांगत गेलो तितकी ती जास्त प्रेमानं ऐकत गेली. शेवटी म्हणाली, "बास कर, पोरीला भूक लागली."

नंतर दोनेक वर्षांनी ती गेली. टर्नरलाही मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सोडा वो साहेब." त्याचा विश्वास बसला की नाही, कळलं नाही. सोनारानं दिलेल्या तीन गुंजा माझ्या टेबलाच्या खणात आहेत, रंग जरासुद्धा उतरलेला नाही.

तो दाखला ताथवड्याच्या त्या पेटीत अजून असेल, तर घरच्यांनी ही दुरुस्त प्रत त्याच्यावर ठेवावी. रुपया अस्सल. घट एकूण पाच गुंजा. त्यांपैकी दोन म्हातारीनं आणि तिच्या सासूनं गावच्या लेकरांना चाटवल्या, एकेक वेढा, कधीही जास्त नाही. उरलेल्या तीन तपासणाऱ्यानं नायट्रिक ॲसिडमध्ये घालवल्या, भजी खाताना. म्हातारीचा हात शेवटपर्यंत हलका होता. शिक्का कंपनीत जमा केला आहे, तो मिळणार नाही. सही मात्र तीच आहे, पडताळून पाहावी.